नाकशेठची वाइन आणि घरचं मटण

नाकशेठ काही खरे शेठ नव्हते. उंचावरच्या त्या वाळवंटात, जिथे दुपारी डोकं तापतं आणि रात्री दात वाजतात, तिथल्या वाइनच्या कारखान्यात ते तीन जातींच्या लाल वाइन हुंगून, चाखून एकत्र करायचे. सगळी करामत नाकाची, म्हणून हे नाव. आणि त्या नाकावर शेठ माशीही बसू देत नसत.

घरच्यांच्या मात्र नाकी नऊ आले होते. मिश्रणाचे दिवस आले की लसूण बंद, मिरी बंद, तळण तर बंदच बंद. "अगं, जीभ कोरी हवी," म्हणत शेठ उकडलेला बटाटा गिळायचे आणि बायको भांडी आपटायची. अहो, सुगरणीच्या घरात ही दशा!

गेल्या दोन वर्षांत शेठची वाइन नुसती प्यायला झकास लागे, पण जेवणाबरोबर कुणी मागेना. कारखान्याच्या मालकीणबाईंनी सरळ सांगितलं, "उद्या खरेदीदार जेवायला येतायत. वाइन ताटात चालली नाही, तर शहरातून दुसरा माणूस आणते. तुम्ही पिंपं धुवा." वर जेवणाचं काम शेठच्याच बायकोला दिलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या स्वयंपाकघरात लसूण, मिरी लावलेलं मटण भाजत होतं. शेठ धावत आले. "अगं, अळणी कर! माझी वाइन नाजूक आहे."

"मग तिला झोपवा पाळण्यात," बायको म्हणाली आणि मटणाचा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला. "आता प्या."

शेठ प्यायले आणि पेल्यात डोकावले. वाइन कुठे गेली? तोंडात नुसतं रंगीत पाणी! इतकी वर्षं कोऱ्या जिभेने वाइन केली, पण कोऱ्या जिभेने जेवतं कोण? शेठना रडूच आलं.

"रडताय काय? बाकीच्या वाइन आणा," ती म्हणाली. शेठनी तिन्ही सुट्या वाइन आणल्या. राकट म्हणून त्यांनी हल्ली बाजूला टाकलेली जाड सालीच्या काळ्या द्राक्षांचीही त्यांत होती. मग ती एक घास खायची, एक घोट घ्यायची. "अजून काळी घाला. थांबा! ती आंबट थोडी. हं." शेठ गुमान ओतत राहिले. घास खाऊन चाखलं, तेव्हा मटणही बोलत होतं आणि वाइनही.

संध्याकाळी खरेदीदारांनी ताटं आणि पेले दोन्ही चाटूनपुसून साफ केले. "हीच द्या, आहे तेवढी!" मालकीणबाई खूश. "मानलं तुम्हाला, शेठ."

शेठच्या मनात आलं, गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? पण दारात पदराने घाम पुसणारी बायको दिसली आणि शेठनी हातातला पेला खाली ठेवला.

"बाई, ही वाइन मी केली नाही. हिने केली. पिंपं कुठायत सांगा."

मालकीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. "तुम्ही येता का कामाला?"

"येते की," ती पुढे होत म्हणाली. "पण यांनाही ठेवा. नाक खरंच चांगलंय त्यांचं. फक्त उपाशीपोटी कामाला बसवू नका."