मोटारीला लावलेलं धुराडं

आमच्या मोटारीला धुराडं लावलं तेव्हा सगळं कोरीट गाव ते बघायला जमलं आणि सगळ्या गावाला ते आवडलं. मला आवडलं नाही. मी तेव्हाही तसं तोंडावर सांगितलं आणि आज म्हातारपणीही तेच सांगतो, कुणाला पटो न पटो.

मोटार माझ्या वडिलांची, आबांची. आमची तापीकाठची काळी जमीन. एका वर्षी कापूस चांगला गेला तेव्हा आबांनी एक जुनी लॉरी घेतली, तिच्यात लाकडी बाकं ठोकली आणि तिची पाशिंजर मोटार केली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. नंदुरबार स्टेशनावर उतारू घ्यायचे, नदीपर्यंत यायचं आणि कोरड्या महिन्यांत पात्र ओलांडून शहाद्याच्या वाटेला लागायचं. पूल नव्हताच. वाळूवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पसरून गाडीवाट केलेली असे, मधे गुडघाभर पाण्याचा पट्टा आणि पलीकडे उभी दरड. चालवायला मी. एवढ्या शेतीवाल्या घरातला मुलगा ड्रायव्हर झाला म्हणून भावकी दात काढायची. काढू देत. नांगरामागे चालताना मला झोप यायची आणि मोटारीच्या स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवला की माझं सगळं अंग जागं व्हायचं. यात लाजण्यासारखं काय होतं, ते मला कुणी आजवर सांगितलेलं नाही.

अडचण एकच होती. इंजिनाचा धूर बाहेर सोडणारा पाइप मागे खाली लोंबायचा. पाण्याच्या पट्ट्यात त्याचं तोंड बुडालं की मोटार गुदमरून बंद पडायची. मग उतारूंनी धोतरं वर खोचून ढकलायचं. आबांनी यावर इलाज विचारला तो नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, मिस्तरीला. तो तिथला बॉयलर सांभाळायचा, आणि आमच्याकडे लोखंडाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असायचा.

मिस्तरीने मोटारीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. “जिनना धुराडा देखा नही का? जितला उच्चा धुराडा, तितली ओढ. मोटारले बी तसाच पाहिजे.”

जिनाच्या भंगारातला वाफेचा एक बारीक पाइप त्याने आणला. दोन-तीन ठिकाणी तो काटकोनात वळवला, फळीखालून बाजूला काढला आणि पार टपाच्या वर नेला. टोकावर पत्र्याची टोपी. झालं धुराडं! पाण्यात तोंड बुडायचं थांबलं, उतारूंच्या नाकात धूर जायचा थांबला. आबा खूश.

आणि मोटारीची ताकद गेली. सपाटीवर कळायचं नाही, पण दरडीला लागली की अर्ध्यावर तिचा जीव जायचा. पाय पार फळीला टेकवला तरी ती पुढे यायची नाही, नुसती तापायची. रेडिएटरमधलं पाणी उकळून उसळायचं. मी मिस्तरीला म्हटलं, “काका, तुम्हना पाइप तिना गळा दाबी ऱ्हायना.”

“तुले काय समजस?” तो म्हणाला. गाव त्याच्या बाजूने हसलं.

मला समजत होतं. बॉयलरमध्ये आग सारखी जळते, गरम हवा आपोआप वर जाते, म्हणून तिथे उंच धुराडं आग ओढतं. मोटारीत तसं नाही. तिथे प्रत्येक दणक्यानंतर जळका धूर इंजिनाला स्वतःच्या जोरावर बाहेर ढकलावा लागतो. पाइप बारीक, लांब आणि वाकडा केला तर तो ढकलण्यातच तिची शक्ती खर्ची पडते. शिवाय जो धूर आत उरतो तो नव्या पेट्रोलची जागा अडवून बसतो. हे मी नीट शब्दांत पुढे शिकलो. तेव्हा माझ्या पायाला कळलं होतं आणि तेवढं मला पुरेसं होतं.

उतारू कमी व्हायला लागले. एका संध्याकाळी जेवताना आबांनी जाहीर केलं, “आखाजीपावत मोटार दरड चढनी त ठेवसू. नही त ईकी टाकसू, नि तू वावरमा.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराचे शेतगडी, त्याच दिवसापासून ठरतात. आबांनी त्या वर्षी एक सालदार कमी धरायचं मनात पक्कं केलं होतं. त्या सालदाराच्या जागी मी. मोटार गेली की मी जन्मभराचा शेतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी भाकर अर्धी टाकून उठलो. तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना.

दुसऱ्याच खेपेला दरडीच्या पायथ्याशी मी मोटार थांबवली, खाली शिरलो आणि इंजिनाजवळच धुराडं सोडवून टाकलं. मोटार चढली! काय चढली! पण आवाज असा, की तोफा सुटाव्यात. समोरून येणारी बैलजोडी उधळली, कडब्याने भरलेली गाडी वाळूत आडवी झाली. गाडीवाल्याने मला आणि माझ्या घराण्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तक्रार आबांपर्यंत गेली आणि उघड्या पाइपावर बंदी आली. बैलांच्या मुलखात मोटार चालवायची तर तिने गुरगुरावं, ओरडू नये, एवढं मलाही मान्य होतं.

मग मी उलटं टोक गाठलं. हात जाईल एवढा रुंद पत्र्याचा पाइप बनवून घेतला. तो मागे नेऊन टोक पाण्याच्या वर येईल एवढंच उचललं. धुराड्यापेक्षा बरं झालं, खोटं कशाला बोलू. पण दरडीच्या शेवटच्या उभ्या टप्प्यावर, मोटार हळू झाली की ती ढिली पडायची आणि मागून फट्‌ फट्‌ करायची. मिस्तरी मुद्दाम नदीवर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “देख, मांगे दाब पाहिजेच. मी पयलेच सांग्थं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने आधी ओढ सांगितली होती, आता दाब सांगत होता! माणूस ना इथे बरोबर ना तिथे, तरी माना त्याच्याच बाजूने हलत होत्या. दाब कशाला पाहिजे? कुणाचं तोंड दाबून कुणी पळतं का? मी त्याला तिथेच सांगितलं, की दाबाने काम झालं असतं तर तुमचं धुराडं लावून ही मोटार सातपुडा चढली असती.

पण रुंद पाइप का हरला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चिडून मी इंजिन सुरू ठेवलं आणि पाइपाच्या तोंडाशी हात धरला. बारीक धुराड्यातून गचके खात येणारा, चटका देणारा धूर मी पाहिला होता. इथे धूर कोमट आणि आळशी. हातावर जोर असा नाहीच. आणि मला एकदम मोटेचा पाट आठवला. विहिरीवरून शेताला पाणी नेणारा पाट अरुंद खणला तर पाणी मागे तुंबतं, मोट रिकामी होते त्या थारोळ्यातून बाहेर सांडतं. फार रुंद खणला तर पाणी पसरतं, मंदावतं, शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. बेताचा पाट असला की पुढचं पाणी मागच्याला ओढून नेतं. धुराचंही तेच होतं. त्याला दाब नको होता, त्याला वेग हवा होता. शेतापासून पळणाऱ्या मला हे शेतानेच सांगावं, याचा मला तेव्हा राग आला होता.

नंदुरबारच्या भंगारवाल्याकडे बसून मी मधल्या मापाचे पाइप निवडले. एक लावायचा, दरड चढायची, काढायचा, दुसरा लावायचा. पेट्रोल कमीजास्त सोडणारा स्क्रूही दर वेळी नव्याने बसवावा लागे. हात भाजले, कपडे जळले. शेवटी एक जमला. बारक्यापेक्षा बराच मोठा, पत्र्याच्यापेक्षा बराच लहान. काटकोन एकही ठेवला नाही, वळणं सगळी लांब आणि गोल. शेवटाला आवाज खाणारा डबा. त्याच्यातून भोकं पाडलेली नळी सरळ आरपार नेली, म्हणजे धुराला वाट मोकळी आणि आवाज डब्यात.

आखाजीच्या आदल्या दिवशी शहाद्याचे एक व्यापारी शेठ मोटार बघायला आले. आबांनीच बोलावलं होतं. मी शेठना शेजारी बसवलं, बाकं खच्चून भरली, टपावर पोती चढवली आणि मोटार नदीत घातली. पाणी ओलांडलं. दरडीवर एकदाही थांबलो नाही. वर पोचल्यावर उतारूंनी टाळ्या पिटल्या. परत येताना मी गाणं म्हणत होतो. मी जिंकलो होतो.

घरी ओसरीवर चहा झाला. आबा आणि शेठ हळू आवाजात बोलले आणि आबांनी हात पुढे केला. सौदा झाला होता.

“आबा, चढनी त ठेवसू, आसं तुम्हीच बोलनात,” मी म्हटलं.

“चढनी म्हनीसन त चांगला भाव उना,” आबा शांतपणे म्हणाले. “सकायपाईन वावरमा ये.”

आजही लिहिताना माझे कान तापतात. इतका स्वच्छ शब्द मोडलेला मी पुन्हा पाहिला नाही. मी शेठकडे वळलो आणि ड्रायव्हर हवा का, ते विचारलं.

“ड्रायव्हर तर पाहिजेच,” शेठ म्हणाले, “आणि हा पाइप समजणारा पाहिजे.”

आबा उठून उभे राहिले. “मी गाडी ईकी, पोऱ्या नही ईका!”

मी घरात गेलो, दुसरं धोतर आणि घोंगडी घेतली, आईच्या पाया पडलो. ती रडत होती, पण तिने मला अडवलं नाही. शेठ आधीच मोटारीच्या बाकावर बसले होते. मी हँडल मारलं, चाकामागे बसलो आणि मोटार अंगणातून काढली. आबा मागून धावत ओरडत होते, “उतर खाले! मन्हा वावर कोन करी? उतर!” मी बसवलेल्या पाइपाचा आवाज इतका कमी होता, की गावाच्या वेशीपर्यंत मला त्यांचा शब्द न्‌ शब्द ऐकू आला. मी थांबलो नाही.