दोन दारांची गाडी आणि उजवीकडचे मामा

हल्ली जुन्या गाड्यांचे शौकीन एकत्र जमतात आणि महागड्या परदेशी गाड्यांची नावं घेतात. मला त्या गाड्यांबद्दल काही म्हणायचं नाही, मी त्यांत बसलेलो नाही. मी बसलो ती एका स्वस्त जपानी गाडीत, तेही मागच्या सीटवर. माझ्या मते गाडीची खरी अक्कल तिच्यात होती.

माझा मेव्हणा कुवेतच्या बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तो कायमचा रत्नागिरीला परतला आणि येताना ही गाडी घेऊन आला. तिकडे अशा गाड्या नोकरदार तरुण घेत. इंजिन, एक्सल, गिअर सगळं कंपनीच्या साध्या घरगुती गाडीचंच. वर फक्त दोन दारांचं, उतरत्या छपराचं अंग चढवलेलं. मला ही युक्ती फार पटली. आतला माल तोच, पण शिवण बेतीव.

मी जमीन मोजणीच्या कचेरीत होतो, त्यामुळे पहिल्याच रविवारी टेप घेऊन गेलो. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास, जमिनीपासून पोट जेमतेम सहा इंच. आपल्याकडच्या टॅक्सीचं इंजिन अकराशे सीसीचं, हिचं सोळाशे. आपल्याकडे गिअर चार आणि दांडा स्टिअरिंगला. हिचे पाच आणि दांडा हाताशी, आखूड. एका बाजूच्या दोन्ही काचा खाली केल्या की मध्ये खांबच नाही, पुढून मागपर्यंत सगळी बाजू मोकळी. रंग मात्र शेवाळी होता. तो मला कधीच आवडला नाही.

स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्या रस्त्यावर त्याचा अर्थ असा, की पुढे ट्रक असला तर समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसत नाही; उजवीकडे बसलेल्याला दिसतं.

माझे सासरे, म्हणजे मामा, एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांना ही गाडी पहिल्या दिवसापासून नकोशी होती.

"ह्या गाडीत माणूस बसत नाय, निजतो," ते म्हणाले. "आणि दोनच दारं? कपाट हाय काय?"

त्यांचं म्हणणं, घरच्या गाडीत घरातली सगळी माणसं मावली पाहिजेत. अंगणातल्या जांभ्याच्या पायरीला तिचं पोट एकदा घासलं, तेव्हा तर त्यांना पुरावाच मिळाला. बाहेरून आणलेली गाडी तेव्हा काही वर्षं विकता येत नसे; ती मुदत उलटली तशी त्यांनी ओळखीतून कोल्हापूरचा एक गुळाचा व्यापारी गाठला आणि गाडी दाखवायला आणतो म्हणून शब्द दिला. मेव्हण्याला त्यांनी ते जेवताना सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि ताटातला भात तसाच ठेवून उठला. तिकडच्या उन्हात कितीतरी वर्षं काढून स्वतःसाठी म्हणून त्याने आणलेली ही एकच वस्तू. पण वडिलांपुढे तो कधी बोललेला नव्हता.

कोल्हापूरला निघालो तेव्हा मामा पुढे, उजवीकडे बसले, आणि मी मागे. हातखंब्याच्या नाक्यावर एका ओळखीच्या टपरीवाल्याने त्यांना पाहून हात जोडले.

"काय, म्हातारपणी ड्रायव्हर झालात?"

"व्हय तर! आणि चाक घरी विसरलो," मामा म्हणाले. पण जरा ताठ बसले, असं मला मागून वाटलं.

पाली सोडल्यावर पुढे लाकडांचा ट्रक लागला. मेव्हण्याने विचारलं, "बाबा, जाऊ?"

मामा म्हणाले, "जाऊ दे."

त्याने गिअर खाली घेतला आणि गाडी बाहेर काढली. समोर एसटी. त्याने ब्रेक दाबला, गाडीचं नाक खाली गेलं, आणि चाक न घसरता ती पुन्हा ट्रकच्या मागे सरळ आली. एसटी भोंगा वाजवत बाजूने गेली. मेव्हण्याने गाडी कडेला, एका आंब्याखाली घेतली.

"बाबा, जाऊ दे म्हणालात ना?"

"म्हणालो की! जाऊ दे म्हंजे राहू दे. ट्रकला जाऊ दे पुढं!"

"मी विचारलं, जाऊ का. तुम्ही म्हणालात, जाऊ दे. मी गेलो."

"अरं मेल्या, कोकणात जन्मलास ना? माणूस जाऊ दे म्हणतो तेव्हा विषय सोडायचा असतो!"

"भावोजी, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

मामा उतरले. गाडीपुढे जाऊन, कमरेत वाकून त्यांनी पुढची चाकं पाहिली. "हिला ब्रेक कसले?"

"पुढं डिस्क हायत, बाबा."

"सरळ थांबली. बाजूला खेचली नाय." त्यांनी चाकाच्या आत हात लावून पाहिला आणि चटकन काढून घेतला. डिस्क तापलेली होती. ते पुन्हा आत बसले. "आता शब्द बंद. घंटी. डबल दिली तर जायचं, सिंगल दिली तर थांबायचं. काय नाय दिलं तर गप मागं राहायचं."

घंटी म्हणजे त्यांच्या हातातली तांब्याची अंगठी. हात खिडकीबाहेर काढून ते दाराच्या पत्र्यावर ती वाजवू लागले. ठण ठण, की मेव्हणा तिसरा गिअर टाकायचा आणि गाडी ट्रकच्या बाजूने अशी निघायची की माझी पाठ सीटला चिकटायची. साखरपा गेलं, आंबा घाट लागला. गाडी वळणात झुकतच नव्हती. बसायला खोल, म्हणून पाय लांब. वजन खाली, म्हणून चाल घट्ट. जे मामांना खोट वाटत होतं तेच तिचं बळ होतं, हे मी टेपने मोजलेलं त्यांना घाटात अंगाने कळत असावं. एका वळणानंतर पुढे कोणीच नव्हतं, रस्ता सगळा रिकामा. तरी ठण ठण झालं.

"बाबा, पुढं कोणी नाय."

"ठाऊक हाय. तू जा."

मेव्हणा हसला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं हसू. मग बहुधा आपण कुठे चाललोय ते आठवलं, आणि चेहरा पुन्हा मिटला.

कोल्हापुरात व्यापारी दारातच उभा होता. आडवा, दिलखुलास माणूस. "या या पाव्हणं!" म्हणत तो थेट उजवं दार उघडून आत बसला आणि दोन्ही हात पुढे धरून थबकला. "आयला, चाक कुठं गेलं?" आणि स्वतःच खो खो हसला. मग मला विचारलं, "एका लिटरला किती जाती?"

मी म्हटलं, "सपाटीला तेरा, घाटात दहा."

मामा जोरात खाकरले. "मागं बसवत नाय हो. जावईबापूंना विचारा."

"गुडघे हनुवटीला लागतात," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

"आमी दोघंच माणसं. मागं कोण बसतंय?"

"पोट घासतं हिचं," मामा म्हणाले.

"माझंबी घासतंय!"

त्याने फेरी मारली, आला, आणि पसंत म्हणाला. आतून गुळाचा रवाळ खडा आणून त्याने मामांच्या हातावर ठेवला. त्यांच्याकडे सौद्याचा गूळ तोंडात गेला की बोलणं पक्कं. मामांनी तो तोंडात टाकला नाही. तळहातावर धरून ते उभे राहिले. मेव्हणा गाडीच्या पलीकडे, काच पुसल्यासारखं करत होता. काच स्वच्छ होती.

"शेठ," मामा म्हणाले, "एक चूक झालीय. गाडी पोराची. त्याला विचारायचं राहिलं."

"मग इचारा की."

मामा वळले. "काय रे, काय करायचं?"

"तुम्ही सांगाल तसं, बाबा."

"मी सांगत नाय. विचारतोय."

मेव्हण्याने फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "मला ठेवायचीय," तो म्हणाला. आवाज इतका लहान होता, की व्यापाऱ्याने "काय म्हनला?" असं विचारलं, आणि त्याला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं.

व्यापाऱ्याने गाडीकडे आणि मग मामांकडे पाहिलं. "आन मग एवढा घाट चढून आलासा कशाला? मला दाखवायला?"

"नाय," मामा म्हणाले, "मला बघायची होती."

त्याला राग आला असता तर मी समजू शकलो असतो. त्याने मात्र मान हलवली आणि म्हणाला, "खावा तो गूळ. सौदा नाय तर नाय, घरला आलाय न्हवं." मग आम्ही चौघांनीही खाल्ला.

ती गाडी पुढे बरीच वर्षं रत्नागिरीत चालली. सुटे भाग मिळत नसत, पावसाळ्यात पत्रा गंजायचा, आणि मागची सीट शेवटपर्यंत शिक्षाच राहिली. तरी कोणी विचारलं तर मी तिचीच शिफारस करीन. पण त्या दिवशी व्यापाऱ्याच्या दारातून निघताना मेव्हण्याच्या हातून ती दोनदा बंद पडली. इतकी वर्षं चालवलेली गाडी, आणि त्याचा पाय क्लच फार लवकर सोडत होता. तिसऱ्यांदा किल्ली फिरवण्याआधी मामांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश," ते म्हणाले. "तुझीच हाय."