विरजण आणि जिन्यातला दिवा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज शेजारीण वाटी घेऊन विरजण न्यायला आली आणि वसुधाबाई आठवल्या. आम्ही दोघं पॉलिटेक्निकमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवायचो. संगणकात माहिती ठेवायच्या तऱ्हा बाई अशा सांगत, “स्ट्रक्ट म्हणजे विरजण. शेजारणीला दिलं की तिचं दही वेगळं. ते आंबलं तरी आपलं गोडच राहतं. क्लास म्हणजे जिन्यातला दिवा. बटणं वर-खाली दोन, पण दिवा एकच. कुणीही विझवला तरी अंधार दोघांना. आणि एनम हा पंख्याचा रेग्युलेटर. ठरलेल्या आकड्यांवरच थांबणार, मधे कुठे नाही.”

एकदा त्यांच्या वर्गाच्या दारातून मी मुलांदेखत म्हणालो, “बाई, स्वयंपाकघर घरी ठेवून येत जा.” वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यानंतर त्या फळ्यावर नुसत्या व्याख्या लिहू लागल्या.

त्या निवृत्त झाल्यावर तेच विरजण, तोच दिवा मी माझे म्हणून शिकवले. “सर, आज समजलं,” असं मुलं म्हणत आणि मी मान डोलवत असे. टोमणा मारला की तो समोरच्याकडे जातो, असं मला तेव्हा वाटायचं. खरं तर तो जिन्यातल्या दिव्यासारखा दोघांत एकच राहतो.

बाई शेवटच्या भेटल्या त्या एसटी स्टँडवर. किती मायेनं बोलल्या. त्यांची पिशवी वर चढवून मी खिडकीखाली उभा राहिलो.

“बाई, त्या दिवशी वर्गात मी...”

गाडी सुरू झाली.

“काय म्हणालात, सर?”

“काही नाही. सावकाश जा.”