नाक्यावरचा टर्बो
मी शिकलो तो माझ्या अहेरीच्या मामांमुळे, पण मामांचा कशावरच विश्वास नसे. जळक्या ऑइलचा वास आला की त्यांच्यासोबतचा एक एसटीचा प्रवास आठवतो. चंद्रपूरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही एक छोटी स्पोर्ट्स कार बनवत होतो. इंजिन अशक्त होतं आणि नवा टर्बो परवडणारा नव्हता, म्हणून मी अहेरीच्या भंगारातून मोडक्या जीपचा टर्बो घेतला. इंजिनाच्या धुरावर फिरून तो ताकद कशी वाढवतो, ते मामांना समजावलं. "धुरानं ताकद येते काय रे? धुरानं खोकला येते. गंडवलं तुले," असं म्हणत, रस्त्यात आणखी कोणी गंडवू नये म्हणून मामा सोबत निघाले. जंगलातल्या नाक्यावर सामान तपासायला पोलीस बसमध्ये चढला. माझ्या मांडीवरच्या पोत्यातून जळक्या ऑइलचा वास मारणारं, गोगलगायीसारखं काळं लोखंड निघताच शेजारची बाई बॉम्ब समजून उठून उभी राहिली. "हे काय आहे? उतर खाली," पोलीस म्हणाला. टर्बो इथे अडकला तर आमची कॉलेजची गाडीही अडकली. तेवढ्यात मामांनी टर्बो उचलून आतल्या पात्यांवर जोरात फुंकर मारली. चाक गरगर फिरलं. "पाहा साहेब, इंजिनचा धूर याले असा फिरवते, अन् हा इंजिनात जास्तीची हवा कोंबते. मंग ताकद येते. भाचा इंजिनेर होऊन राह्यला माझा." पोलिसानं आम्हा दोघांना बराच वेळ न्याहाळलं आणि पोतं परत दिलं. बस सुटताच मामा पुटपुटले, "मले तं अजूनही खरं नाई वाटत." फोनवर कोणीतरी ऐकतं असाही त्यांना संशय होता, म्हणून गाडी तयार झाल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं: "मामा, टर्बो बसवला, गाडी जोरात पळाली. तुम्ही नाक्यावर पोलिसाला सांगितलं ते खरं निघालं."