शेठच्या नारळाचे शिंतोडे

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शेठच्या मालावरचे डाग पुसणं. घोडपदेवच्या खोलीत समोरासमोर बसून, ओल्या राखेने. दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, कारखाना बंद. शेठ म्हणाला, मालाची गोणी घरी ने आणि पुसून आण.

माल स्टेनलेसचा, इस्पितळात लागणारे नळाचे भाग. स्टेनलेसला शेवटी ॲसिडची आंघोळ घालतात. मग त्याच्यावर न दिसणारी साय धरते आणि गंज चढत नाही. ती आंघोळ घालणारा मी. दसऱ्याच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला, तर मालावर तांबूस ठिपके. शेठ म्हणे, "मोर्च्यात जाता आणि तेच घामट हात मालाला लावता." त्या दिवसांत शेठच्या घरचं दूध नासलं तरी दोष मोर्च्याचा. माल परत आला तर नोकरी गेली समज, म्हणाला.

ठिपके पुसले की जायचे, थोड्या वेळाने पुन्हा हजर.

बायको एक तुकडा उजेडात धरून म्हणाली, "अहो, ही बोटं नव्हेत. हे शिंतोडे आहेत. आणि सगळे एकाच बाजूला."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. दसऱ्याला शेठने ॲसिडातून काढलेला ताजा माल ताटात मांडून पूजा केली, आणि नारळ फोडला तो शेजारच्या गंजक्या ऐरणीवर. ऐरणीचा गंज घेऊन पाणी मालावर उडालं. कुणी पुसलं नाही. तीर्थ कोण पुसतो?

"मग सांगा की शेठला."

"काय सांगू? तुमच्या भक्तीला गंज चढलाय म्हणून?"

पदर तोंडात कोंबून हसली.

हरताळाच्या दुपारी तिच्या छातीत कळ आली. काळीज तिचं पहिल्यापासून नाजूक. गाडीघोडा सगळा बंद. चाळीतल्यांनी बाजेवर घालून उचलली, पण इस्पितळ येण्याआधीच गेली. हरताळ व्हावा म्हणून घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. इतकी वर्षं झाली, चिडायला माणूस सापडत नाही. संध्याकाळी अग्नी देऊन आलो.

सकाळी गोणी खांद्यावर घेतली. शेजारचे काका म्हणाले, "अरे, सुतकात कामावर?"

"सुतक मला आहे काका, शेठला नाही."

शेठने हात जोडले, फार वाईट झालं म्हणाला, आणि त्याच दमात, "माल आणलास?" मी ऐरणीचं आणि नारळाचं सांगितलं. शेठने गोणीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "देवाला मध्ये आणू नकोस. परत ॲसिडात घाल."

ॲसिडच्या टाकीची वाफ डोळ्यांना झोंबते, पाणी काढते, म्हणून तिथे कुणी फार थांबत नाही. मी दुपारपर्यंत थांबलो.