तिवसाच्या फळ्या

वरोऱ्याहून चंद्रपूरची एसटी सकाळी साडेसहाला सुटायची, पण कापसाचे दिवस असले की सुटून लगेच फाटकापाशी थांबायची. समोर कापसाच्या बैलबंड्यांची रांग असे. त्या दिवशीही अर्धा तास तसाच गेला आणि मी पिशवीतलं पत्र पुन्हा एकदा काढून वाचलं. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. सहा-सात वर्षं शाळेत मास्तरकी करून मी कॉलेजात नुकता लागलो होतो, अजून कायम झालो नव्हतो, आणि शिकवण्याच्या जोडीला खेळांचं खातं माझ्या गळ्यात मारलेलं होतं. पत्र काश्मीरहून आलं होतं. पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायचा जो खेळ असतो, स्कीइंग, त्याच्या महिनाभराच्या शिबिरासाठी आमच्या कॉलेजातली एक मुलगी निवडली गेली होती.

मुलीचं नाव रुक्की. एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या एका माडिया गावातली. गावाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. आश्रमशाळेतून दहावी करून ती वरोऱ्याच्या वसतिगृहात आली होती. नागपूरच्या चाचणीत ती अशी पळाली की दुसरी कोण आली हे बघायला परीक्षकांना वाट पाहावी लागली. सुट्टी लागताच ती गावी गेली होती. मी चाललो होतो तिच्या बापाची संमती घ्यायला आणि खर्चाचं सांगायला.

पत्राच्या पहिल्याच ओळीत 'प्रशिक्षण विनामूल्य' असे शब्द होते. त्याखाली सोबत आणायच्या वस्तूंची यादी. लोकरीचे जाड स्वेटर दोन, हातमोजे, पायमोजे, बर्फात चालणारे बूट, काळा चष्मा, आणि फळ्यांसाठी अनामत रक्कम. एवढी अनामत की माझा अर्धा पगार जावा. विनामूल्य खेळ एवढा महाग असतो हे मला तेव्हाच कळलं. पण खरं सांगतो, त्या सकाळी मला त्याची चिंता नव्हती. पेपरात कॉलेजचं नाव येईल, खाली मार्गदर्शक म्हणून माझं येईल, एवढंच डोक्यात होतं.

चंद्रपूरला गाडी बदलली. स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, तो कालचा होता. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं जवळ यायला लागली. कंडक्टर तिकिटाचे सुटे पैसे देताना शेजारी टेकला.

"कुठी जाऊन राह्यले सर?"

"एटापल्लीला."

"बदली झाली का? कोणाशी भांडले?"

मी बर्फाचं सांगितलं. तो पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "आयका भाऊ. आपल्या इथी बाईले दवाखान्यात न्यायले गाडी भेटत नाई, अन् सर पोरीले बर्फावर नेऊन राह्यले." म्हातारा हसला. मीही हसलो, पण मला ते लागलं. आलापल्लीनंतर त्याने मला दारापाशी बसायला सांगितलं, म्हणजे धक्के कमी लागतात. ते काही खरं नव्हतं.

एटापल्लीला रुक्की उभी होती. तिथून अडीच तास पायी. ती अनवाणी पुढे, मी बूट घालून मागे, आणि दोनदा तिला थांबावं लागलं. वाटेत नाला लागला तेव्हा तिने माझी पिशवी डोक्यावर घेतली आणि मला हात दिला. ज्या मुलीला मी वाट दाखवायला निघालो होतो तिचा हात धरून मी पलीकडे गेलो.

मला गोटुलात (गावाच्या बैठकीची आणि पाहुणे उतरवायची जागा) उतरवलं. रुक्कीच्या आईने जावा (तांदळाची पातळ पेज) आणि लाल माकोड्यांची (मोठ्या मुंग्यांची) चटणी पाठवली. चटणी आंबट आणि झणझणीत होती, मी दोनदा मागून घेतली. अंधार पडायच्या आत सगळा पुरुषवर्ग जमला. रुक्कीचा बाप कोपा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस, माझ्या समोर उकिडवा बसला. त्याला मराठी थोडी समजायची, बोलता यायची नाही. मी पत्र वाचायचं, रुक्कीने माडियात सांगायचं, असं चाललं.

कपड्यांची यादी संपली. अनामत रक्कम सांगितली तेव्हा एकजण उठून बाहेर थुंकून आला. मग शेवटची ओळ आली. ज्यांच्याकडे स्वतःची साधनं असतील त्यांना अनामत भरावी लागणार नाही.

कोपाने ती ओळ तिला पुन्हा सांगायला लावली. मग तो काहीतरी विचारू लागला.

"बाबा विचारून राह्यले," रुक्की म्हणाली, "का त्या फळ्या लाकडाच्याच असते ना?"

"हो. लाकडाच्या."

"मंग त्याईले पैसे कायचे? बाबा म्हणते, मी बनवून देतो."

ती ओळ कोणासाठी लिहिली होती हे मला ठाऊक होतं. दर हिवाळ्याला आईबापांबरोबर पहाडावर जाणारी, घरच्या माळ्यावर स्की ठेवणारी कुटुंबं या देशात आहेत, त्यांच्या मुलांसाठी. कोपाने ती आपल्यासाठी आहे असं धरलं. या गावात माणसं नांगर, बंडी, खाट, ढोल सगळं हातानं करतात. लाकडाची वस्तू पैसे देऊन आणायची हे त्याला पटणारंच नव्हतं. मी तिथेच सांगायला हवं होतं की बाबा रे, तसल्या नाही चालत, त्याला लोखंडी कडा असतात, बूट अडकवायला खास कड्या असतात. पण सगळे इतक्या वेळाने पहिल्यांदा मोकळे झाले होते. मी कोळसा घेऊन जमिनीवर चित्र काढलं. मासिकात बघितलेल्या फोटोवरून. माणसापेक्षा वीतभर लांब, चार बोटं रुंद, पुढचं टोक वर वळलेलं.

"सर, चालतीन ना?" रुक्कीने मला बाजूला विचारलं.

"चालतील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपाने घरामागची मोडकी बंडी उलटी केली आणि तिच्या दोन्ही दांड्या सोडवल्या. त्याच्या बापाच्या वेळची बंडी होती. लाकूड तिवसाचं. ते वाकतं, तुटत नाही, म्हणून दांड्यांना तेच वापरतात, असं रुक्कीने सांगितलं. बाहेरून दांड्या काळ्याठिक्कर होत्या. वाकसाने (लाकूड तासायचं हत्यार) दोन-तीन थर काढले तसं आतून लालसर लाकूड निघालं. मी दिवसभर शेजारी बसून होतो. दुपारपर्यंत फळ्या झाल्या. मग टोकं नाल्यात भिजवून, निखाऱ्यावर शेकून, वेलीच्या दोराने खुंटाला ताणून बांधली. कोपा मधूनमधून माझ्या चित्राकडे बघायचा आणि चित्रात नसलेलं मला विचारायचा. पाय कुठे ठेवायचा, दोरी कशी ओवायची. मला माहीत नव्हतं. मी अंदाजाने सांगत गेलो.

तोवर घराघरांतून टोपल्यांत तीळ आला, कुठून चारोळी आली. हे कोणी मागितलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने मूठभर तीळ माझ्यासमोर टोपलीत टाकला आणि रुक्कीकडे बघून काहीतरी बोलली.

"ते म्हणते, बर्फ कसा असते ते येऊन सांगजो," रुक्कीने मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. कोपा फळ्या खांद्यावर घेऊन एटापल्लीपर्यंत आला. बाजारात तीळ-चारोळी विकून स्वेटर, मोजे आणि बूट निघतील एवढे पैसे झाले. ते त्याने रुक्कीच्या कापडी पिशवीत घातले. फळ्या पोत्यात गुंडाळून सीटखाली सरकवल्या. गाडी हलली तेव्हा त्याने मला जोहार केला, दोन्ही हात जोडून, मास्तराला करतात तसा. मला छान वाटलं. ते आठवून आता किळस येते.

आलापल्ली मागे पडल्यावर एका नाक्यावर गाडी थांबली. जंगलातून लाकूड जातं का हे बघायला वनरक्षक चढला. त्याने पोतं ओढलं, सोडलं, आणि फळ्या उभ्या धरून बघितल्या.

"हे कोणाचं?"

"माझं," रुक्की म्हणाली.

"काय आहे?"

तिने सांगितलं. आधी कोणाला कळलं नाही, मग मागे कोणीतरी हसलं, आणि हसू पुढे सरकत आलं. वनरक्षकाने आम्हाला खाली उतरवलं. त्याने फळीवर नख ओढून बघितलं.

"लाकूड तर ताजं दिसून राह्यलं. राखीव जंगलातून तोडलं काय?"

"नाई. जुन्या बंडीच्या दांड्या होत्या. बाबानं तासल्या. सरले विचारा, त्याईच्या समोरच काढल्या."

तो माझ्याकडे वळला. माणूस वाईट नव्हता. मी वरोऱ्याला प्राध्यापक आहे म्हटल्यावर त्याने मला खुर्ची दिली.

"सर, मी नाई म्हणत का पोरगी खोटं बोलते. पण कोणी पाहिलं असन तर लिहून द्या लागते. नाव, हुद्दा, सही. मंग मी सोडून देतो. तुमी पाहिलं काय?"

समोर टेबलावर कागद होता. मी त्या कागदाकडे बघत बसलो. उन्हाळ्यात माझं कायम होण्याचं प्रकरण समितीपुढे जायचं होतं. लाकडाच्या प्रकरणात प्राध्यापक साक्षीदार, कॉलेजला चौकशीचं पत्र, प्राचार्यांच्या टेबलावर ते पत्र, असं सगळं मला एका दमात दिसलं. दर पौर्णिमेला विहारात मी पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बापाने घरात शिकवलेली पहिली गोष्ट तीच.

"मी पाहुणा होतो," मी म्हणालो. "लाकूड कुठून आणलं ते मला माहीत नाही."

वनरक्षकाने तिला समजावून सांगितलं. बापावर केस करायची तर बापाचं नाव-गाव लिहावं लागेल, कोपाला तारखांना चंद्रपूरला जावं लागेल. नाहीतर इथेच दंड भरून प्रकरण मिटवायचं. तिने गावाचं नाव सांगितलं नाही. कापडी पिशवी सोडून टेबलावर उपडी केली. त्याने पैसे मोजले, पावती फाडली, दोन-चार नोटा परत केल्या. फळ्या जप्त झाल्या, नाक्यामागे पकडलेल्या सागाच्या ओंडक्यांवर त्याने त्या टाकून दिल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

चंद्रपूरपर्यंत आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो. मध्ये कुठेतरी मी चहा विचारला. ती 'नको' म्हणाली. नेहमी 'नको सर' म्हणायची.

स्वेटर, बूट आणि अनामत मी भरू शकलो असतो. अर्धा-पाऊण पगार गेला असता, मेलो नसतो. पण भरले असते तर का भरतो हे तिला, आणि मला, कळलं असतं. मी प्राचार्यांना लिहून दिलं की विद्यार्थिनीला घरगुती अडचणीमुळे जाणं शक्य नाही. तिच्या जागी वरोऱ्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याची मुलगी गेली. त्या घराला तो खर्च कळलाही नाही. तिचा बर्फातला फोटो पेपरात आला, खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. उन्हाळ्यात मी कायम झालो.

प्रवासात माणूस शहाणा होतो असं लिहायची रीत आहे. मी त्या तीन दिवसांत एवढंच शिकलो की 'विनामूल्य' हा शब्द ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांच्यासाठी असतो, आणि उरलेल्यांना त्याची किंमत भरायला माझ्यासारखा कोणीतरी मध्ये लागतो.

परीक्षा संपल्या तेव्हा रुक्की गावी जाण्याआधी माझ्याकडे आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. हातात वही होती.

"बर्फ कसा असते ते सांगा," ती म्हणाली. "गावात विचारतीन. साऱ्याईनं तीळ देल्ला होता."

"तू गेली नाहीस हे सांगितलं नाहीस?"

"नाई. सांगू तर मंग काऊन नाई गेली तेही सांगा लागन. बाबानं तुमाले जोहार केला होता."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही, टेबलावर वही ठेवून उभ्यानेच लिहू लागली. मीही बर्फ कधी पाहिला नव्हता. पुस्तकात वाचलेलं सांगत गेलो. पांढरा असतो, हातात घेतला की पाणी होतं, पायाखाली आवाज येतो. ती लिहीत होती. एका ठिकाणी तिने विचारलं की वास कसा येतो. मी म्हणालो, वास येत नाही. खरं-खोटं मला अजून माहीत नाही.

मग ती थांबली. "बाबा विचारन, फळ्या कशा चालल्या."

ती पेन धरून वाट बघत होती.

"चांगल्या चालल्या म्हणून सांग," मी म्हणालो.

तिने तेही लिहून घेतलं.