दोन प्यादी, एक-एक घर

पाथर्डीजवळच्या आमच्या गावात माझ्याशी बुद्धिबळ खेळणारा एकच माणूस, शेजारचे मामा. ते ऊसतोडीचे. दसरा झाला की मामा-मामी कारखान्यावर जात, उन्हाळ्यात परतत. मग रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आमचा पट मांडला जाई.

भांडण पहिल्याच चालीवर. मामा सुरुवातीला दोन प्यादी एक-एक घर सरकवत. मी पडलो मास्तर, त्यात मोबाईलवर चार ओपनिंग शिकलेला. म्हणायचो, "मामा, पहिल्या चालीला एकच प्यादं चालतं. हवं तर दोन घरं. नियम म्हणजे नियम."

"एकट्याला कशाला पुढं धाडता? जोडीनं जाऊ द्या की," असं म्हणून मामा हसत, आणि पुन्हा दोन प्यादी.

पालथ्या घड्यावर पाणी! मी जाम चिडायचो. हरलो की त्यांच्या सुरुवातीवर खापर फोडायचो, जिंकलो की घरात पाऊल टाकताच बायकोला वर्दी द्यायचो. एक ना एक दिवस मामांना माझ्या नियमानं खेळायला लावणार, असा हट्टच धरला होता मी.

यंदा उन्हाळ्यात मामी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त.

दसऱ्यानंतर तोडीवाल्यांचे ट्रक भरून गेले. मामा मागे राहिले. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम मामांच्या दारावरून तसाच पुढे गेला.

दोन दिवसांनी मामा आपणहून ओट्यावर आले. मी पट मांडला. त्यांनी वजिरापुढचं प्यादं उचललं, दोन घरं पुढे ठेवलं आणि हात मागे घेतला. दुसऱ्या प्याद्याला हात लावला नाही.

इतक्या वर्षांचा माझा हट्ट पुरा झाला होता, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. म्हणून मी गुपचूप माझी दोन प्यादी एक-एक घर सरकवली.

मामांनी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, एक मागं घ्या," ते म्हणाले. "नियम म्हंजी नियम. तुमीच सांगितलाय."

मी एक मागे घेतलं.

ती बाजी मी जिंकलो. घरी बायकोनं विचारलं, तेव्हा बरोबरीत सुटली म्हणालो.